नशिबाची रोजकीर्द

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर, जिन्याच्या डाव्या हाताला, काचेचे दार असलेला एक सूचनाफलक आहे. पहिल्या वर्षापासून मी त्याच्यासमोरून दिवसातून निदान दोन वेळा जाते. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्या फलकावर अकरा दिवस एक कागद लावलेला होता. एका खासगी न्यासाकडून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला बारा हजार रुपयांची शिष्यवृत्ती मिळणार होती व तिच्यासाठी अर्ज मागवले होते. कागद कन्नडमध्ये होता. बाराव्या दिवशी तो काढला गेला आणि महिन्याभराने मला कळले की ती शिष्यवृत्ती कन्नड विभागातील एका मुलीला मिळाली. तिचे गुण माझ्यापेक्षा चारने कमी होते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला म्हटले, "आपलं नशीबच नाही." आई काही बोलली नाही. शहापुरात वडिलांचे कापडाचे छोटे दुकान आहे. त्या वर्षी लग्नसराई बेताचीच झाली होती आणि माझी फी दोन हप्त्यांत भरली गेली होती. बारा हजार रुपये आमच्या घरात किती होतात, हे त्यावरून वाचकांनी ओळखावे.

पुढे चार-आठ दिवसांनी ती मुलगी वाचनालयात भेटली. मी तिचे अभिनंदन केले आणि वर "नशीबवान आहेस बघ" असेही म्हणाले. ती बैलहोंगलकडची. मराठी मोडकेतोडके बोलते, पण न लाजता बोलते. ती म्हणाली, "नशीब कसलं गं? अकरा दिवस बोर्डावर लावलं होतं की!"

मला कन्नड वाचता येत नव्हते असे मुळीच नाही. शाळा मराठी माध्यमाची असली तरी कन्नड हा विषय होताच आणि त्यात गुणही बरे पडत. पण फलकाकडे पाहताना माझे डोळे इंग्रजी आणि मराठी कागदांवर थांबत व बाकीच्यांवरून पुढे सरकत. म्हणजे कागद माझ्यासमोर अकरा दिवस होता आणि मी तो पाहिला नव्हता. माझ्या नशिबाने मला दगा दिला, असे मग कोणत्या तोंडाने म्हणायचे?

तेव्हापासून नशीब या विषयावर मिळेल ते वाचण्याची खोड मला लागली. सवयीने आणि वृत्तीने माणसाचे नशीब सुधारते काय, सुधारत असल्यास कोणत्या वाटेने सुधारते, आणि कोठे ते काही केल्या सुधारत नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे. ग्रहमान, खडे, अंगठ्या यांच्याविषयी मला काही सांगायचे नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत या एका गोष्टीला किती शब्द आहेत! दैव म्हटले की देवाकडे बोट जाते. कपाळ म्हटले की सटवाई आठवते. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री ती येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून आपल्याकडे कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल आहे. कन्नडमध्येही 'हणेबरह' म्हणजे कपाळावरचे लिखाण. याबाबतीत दोन्ही विभागांचे एकमत आहे! 'नशीब' हा मूळ अरबी शब्द आणि त्याचा अर्थ वाटा, हिस्सा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तो लगेच आपला वाटावा. पण मला सर्वांत विचार करायला लावले ते 'अदृष्ट' या शब्दाने. मराठीत तो आता पुस्तकी झाला आहे, पण कन्नडमध्ये नशिबाला रोजच्या बोलण्यातसुद्धा अदृष्टच म्हणतात. अदृष्ट म्हणजे न दिसलेले. जिन्याजवळच्या त्या फलकावरील कागद माझ्यासाठी अक्षरशः अदृष्ट होता.

ही केवळ शब्दांची कोटी नव्हे, हे मला रिचर्ड वाइजमन यांच्या प्रयोगावरून पटले. हे इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. जे स्वतःला फार नशीबवान समजतात आणि जे फार कमनशिबी समजतात अशा सुमारे चारशे लोकांचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला आणि २००३ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या एका प्रयोगात प्रत्येकाच्या हाती एक वर्तमानपत्र दिले आणि त्यात एकूण छायाचित्रे किती आहेत ती मोजायला सांगितले. कमनशिबी म्हणवणाऱ्यांना सरासरी दोन मिनिटे लागली. नशीबवान म्हणवणाऱ्यांचे काम काही सेकंदांत आटोपले. कारण दुसऱ्याच पानावर, अर्धे पान व्यापणाऱ्या ठळक अक्षरांत, मोजणे थांबवा, या अंकात ४३ छायाचित्रे आहेत, अशा अर्थाचा मजकूर छापलेला होता. पुढे आणखी एका पानावर तितक्याच मोठ्या अक्षरांत, हे वाचल्याचे प्रयोग घेणाऱ्याला सांगा आणि बक्षीस मिळवा, असेही छापले होते. पहिल्या गटातील बहुतेकांनी दोन्ही सूचना ओलांडून छायाचित्रे मोजणे चालूच ठेवले.

वाइजमन यांच्या मते यामागचे कारण मनावरचा ताण हे आहे. ज्याचे मन सतत धास्तावलेले असते त्याची नजर अरुंद होते. तो जे शोधतो तेवढेच त्याला दिसते. यातून निघणारी गोष्ट मला थोडी क्रूर वाटली. ज्याला पैशाची, नोकरीची, निकालाची सर्वांत अधिक काळजी असते, त्याच्याच हातून काठावरची संधी निसटण्याचा संभव अधिक. माझ्या बाबतीतही, त्या अकरा दिवसांत मी फीच्या दुसऱ्या हप्त्याचाच विचार करीत त्या जिन्यावरून चढत-उतरत होते.

मात्र याच संशोधकाने आणखी एक तपासणी केली होती, आणि नशिबावर उत्साहाने बोलणारे वक्ते तिचा उल्लेख सहसा करीत नाहीत. सातशेहून अधिक लोकांनी लॉटरीसाठी निवडलेले आकडे त्यांनी गोळा केले. नशीबवान म्हणवणाऱ्यांना आपण जिंकू याची खात्री दुसऱ्या गटाच्या दुपटीहून अधिक होती. निकालात दोघांमध्ये काहीही फरक पडला नाही. लॉटरीच्या आकड्याला तुमची वृत्ती, तुमचा हसरा चेहरा, तुमचा आत्मविश्वास यांतले काही कळत नाही. तेव्हा नशिबाचे दोन भाग निराळे केले पाहिजेत. फासा कसा पडेल तो एक भाग, आणि आपण फाशाच्या पटावर किती वेळा बसतो व पडलेले दान आपल्याला दिसते की नाही, हा दुसरा. सवयीचा अंमल चालतो तो या दुसऱ्या भागावर. पहिल्यावर तो चालतो असे जो सांगेल तो तुम्हाला काहीतरी विकायला आला आहे असे समजावे.

या दुसऱ्या भागाचे गणित आपण संख्याशास्त्राच्या तासाला शिकतोच, फक्त ते आपल्या आयुष्याचे आहे असे आपल्या ध्यानात येत नाही. समजा एखादी गोष्ट साधण्याचा संभव वीसात एक आहे, म्हणजे पाच टक्के. एकदाच प्रयत्न केला तर ९५ टक्के अपयश ठरलेले. आता वीस वेळा प्रयत्न केला तर? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मी मुले "शंभर टक्के" म्हणतात. तसे नाही. वीसही वेळा अपयश येण्याचा संभव म्हणजे ०.९५ चा विसावा घात, तो होतो सुमारे ०.३६. म्हणजे निदान एकदा यश मिळण्याचा संभव ६४ टक्के. दहाच प्रयत्न केले तर ४० टक्के, पन्नास केले तर ९२ टक्के. फासा तोच, त्याच्या बाजूही त्याच. तरीसुद्धा पन्नास वेळा टाकणारा 'नशीबवान' ठरतो, आणि एकदा टाकून घरी बसणारा 'आमचं कपाळच फुटकं' म्हणतो. अर्थात हे गणित प्रयत्न परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरे. तोच चुकीचा अर्ज पन्नास ठिकाणी पाठवला तर त्याला पन्नास प्रयत्न म्हणता येणार नाही. तो पन्नास वेळा केलेला एकच प्रयत्न.

श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण ते बहुधा बुद्धिमत्तेचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. जरा नशिबाच्या बाजूने पाहा. महाविद्यालयात गणिताव्यतिरिक्त इतर विषयांत नापास झाल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेलेली. १९१० साली ते आपल्या वह्या काखेत मारून व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटायला गेले. हे गृहस्थ महसूल खात्यातील अधिकारी, पण भारतीय गणित मंडळीची स्थापना करणारे. तेथून एकाकडून दुसऱ्याकडे अशी ओळखपत्रे मिळत गेली. १९१२ च्या मार्चमध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर ते हिशेब विभागात कारकून झाले. इंग्लंडमधील गणितज्ञांना पत्रे पाठवण्यास त्यांनी आरंभ केला, तेव्हा बेकर आणि हॉब्सन या केंब्रिजच्या दोघा नामांकितांकडून काही निष्पन्न झाले नाही. मग १६ जानेवारी १९१३ रोजी तिसरे पत्र गेले ते जी. एच. हार्डी यांना. हार्डींनाही प्रथम ही कोणाची तरी लबाडी असावी असे वाटले होते. त्यांनी ती पाने लिटलवूड यांना दाखवली, दोघे मिळून ती घेऊन बसले, आणि पुढचा इतिहास घडला. आता हार्डींनी ते पत्र बाजूला ठेवले नाही हे नशीब खरेच. पण दोन पत्रे वाया गेल्यावर तिसरे लिहिणे, हे नशीब नव्हते. हिशेब विभागातील एक कारकून ते लिहीत होता, हे आम्हा वाणिज्यवाल्यांनी जरूर लक्षात ठेवावे!

संधी कोणत्या दाराने येते हा प्रश्न याच्याच पोटातला. आपल्याला वाटते की आपले जिवलग, आपले नातेवाईक, आपल्या गल्लीतले लोक आपल्याला वर काढतील. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन या गावी ज्यांनी नुकतीच नोकरी बदलली होती अशांना त्याने विचारले, की ज्या ओळखीच्या माणसाकडून ही नोकरी कळली तो तुम्हाला त्या सुमारास किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारा, असे सांगणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५५.६ टक्के, आणि क्वचितच भेटणारा म्हणणारे २७.८ टक्के. म्हणजे पाचापैकी चार जणांहून अधिक लोकांना संधी कळली ती जवळच्या नव्हे, दूरच्या माणसाकडून.

यामागील कारण साधे आहे. आपले जिवलग मित्र आपल्याच कट्ट्यावर बसतात, आपण ऐकतो तेच ऐकतात. आपल्याला जे ठाऊक नाही ते बहुधा त्यांनाही ठाऊक नसते. दूरचा ओळखीचा माणूस दुसऱ्या कट्ट्यावर बसतो. अलीकडे, २०२२ साली, 'सायन्स' या साप्ताहिकात लिंक्डइनवरील दोन कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही निष्कर्ष हाच, फक्त थोडी दुरुस्ती करून. अगदीच अनोळखी म्हणावा असा दुवाही फार कामाचा नसतो. थोडीफार ओळख असलेला, काही समाईक मित्र असलेला माणूसच सर्वांत उपयोगी पडतो.

हे वाचल्यावर मला प्रथम आठवले ते आमचे उपाहारगृह. खिडकीकडच्या टेबलांवर मराठी शाळांतून आलेली मुले आणि भिंतीकडच्या टेबलांवर कन्नड शाळांतून आलेली. कोणी भांडलेले नाही, कोणी सांगितलेले नाही. पहिल्या वर्षी जो जेथे बसला तो तेथेच बसतो. हा आपला वार्षिक अंकदेखील तसाच आहे. मराठी विभाग पुढून, कन्नड विभाग मागून, आणि मध्ये छायाचित्रांची पाने. ती छायाचित्रे मात्र दोन्हीकडचे वाचक पाहतात, कारण त्यांत आपापले चेहरे शोधायचे असतात. ज्या गावात प्रत्येकाच्या जिभेवर दोन भाषा आहेत त्या गावात ओळखींचा साठा दुप्पट असायला हवा. आम्ही तो निम्म्यावर चालवतो. भाषेच्या प्रश्नाविषयी येथे काही म्हणायचे नाही, ते बोलणारे मोठे लोक पुष्कळ आहेत. मी फक्त हिशेब मांडते आहे.

माझ्या बाबतीत हिशेब असा झाला. ती बैलहोंगलची मुलगी पुढे मैत्रीण झाली. मैत्रीण म्हणजे आठवड्यातून एखादे वेळी चहा, इतपत. तिच्या वसतिगृहातील एका मुलीला मी तिच्यामुळे तीनच वेळा भेटले होते. गेल्या वर्षी तिने सांगितले, की टिळकवाडीतल्या एका करसल्लागाराच्या कार्यालयात जीएसटीची बिले लावायला विद्यार्थी हवा आहे. मात्र गिऱ्हाइकांशी दोन्ही भाषांत बोलता आले पाहिजे. मला ते काम मिळाले. शनिवारी पूर्ण दिवस, इतर दिवशी दोन तास. घरातले सगळे म्हणाले, "नशीब काढलंस हो!" मी काही बोलले नाही.

आता वृत्तीकडे येते. वाईट दान पडल्यावर माणूस काय करतो हाही नशिबाचाच भाग आहे, आणि त्याचे मला माहीत असलेले उत्तम उदाहरण आपल्या गावातूनच चालत गेलेले आहे. किर्लोस्कर रोडने आपण रोज जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि तेथे कळले की त्यांना काही रंगांतला फरकच ओळखता येत नाही. चित्रकाराच्या वाट्याला याहून वाईट नशीब कोणते? त्यांनी रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांची रेखाचित्रे काढायला ते शिकले, आणि त्यातून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे बढती हुकली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावात भावाबरोबर चालवलेल्या सायकलींच्या धंद्यात पूर्णपणे शिरले. सायकलींमागून कडबा कापण्याची यंत्रे आली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने नांगर सुरुवातीला खपेनात. आणि ते खपू लागतात न लागतात तोच गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली.

अशा वेळी बहुतेक माणसे काय म्हणतात ते आपण जाणतो. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी लक्ष्मणरावांचा परिचय होता. त्यांनी संस्थानात कुंडलजवळ जागा आणि कर्जाऊ रक्कम दिली. जागा म्हणजे निवडुंगाने भरलेला माळ. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावची जागा सुटली नसती तर कदाचित एक बरा चाललेला कारखाना आपल्या गावात राहिला असता. कदाचित राहिलाही नसता. आपल्या गावाचे नशीब त्या दिवशी गेले असे आमचे वडील म्हणतात. मला मात्र त्या कथेतला रंगांचा भागच अधिक भावतो. बढती हुकली, जागा गेली, या गोष्टी पुष्कळांच्या बाबतीत घडतात. पण ज्या गोष्टीसाठी घर सोडून मुंबई गाठली तीच करता येणार नाही हे कळल्यावर, तिच्यातले जे आपल्याला करता येते तेवढे उचलून पुढे जाणे फार थोड्यांना जमत असेल.

येथे वाचकांपैकी एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, की तुम्ही यशस्वी माणसांचीच उदाहरणे देता. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो मी स्वतःवरच घेते. तीन पत्रे लिहून तिन्ही वाया गेलेल्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. त्याच काळात नांगर करायला निघून बुडालेल्यांच्या नावाने कोठे रस्ता नाही. वाइजमन यांच्या अभ्यासालाही हेच लागू पडते. आपण नशीबवान आहोत की नाही हे त्या लोकांनी स्वतःच सांगितले होते. मग मोकळ्या मनामुळे नशीब आले, की नशीब आधीच बरे होते म्हणून मन मोकळे राहिले? बक्षिसाच्या त्या वर्तमानपत्रावरून याचा निवाडा होत नाही.

दुसरे असे, की दान टाकण्याची संधी सर्वांना सारखी नसते. "लोकांत मिसळा, नवीन ठिकाणी जा," हा उपदेश ऐकायला सोपा आहे. संध्याकाळी उद्यमबागेत एखाद्या कारखानदाराचे व्याख्यान असले तर माझ्या वर्गातला मुलगा सहज उठून जातो. मी आधी परत कशी येणार याचा विचार करते, मग घरी विचारते, मग बहुधा जात नाही. खानापूर तालुक्यातून येणाऱ्या माझ्या एका वर्गमैत्रिणीची दुपारची बस चुकली की पुढची थेट सात वाजता. तिच्यासाठी उपाहारगृहातला अर्धा तास हीसुद्धा चैन आहे. अशा मुलीला "तुझी वृत्ती बदल, नशीब उघडेल" असे सांगणे हा शहाणपणा नव्हे. तिला बस हवी आहे. सवयींविषयी बोलताना हे विसरले, की कमनशिबी माणसाच्या माथी त्याच्या कमनशिबाचा दोषही मारला जातो, आणि मग सटवाईची जुनी कल्पनाच अधिक दयाळू वाटू लागते.

तरीही जेवढे हाती आहे तेवढे का सोडावे? वडिलांचे एक ठरलेले वाक्य आहे: गिऱ्हाईक आणि मरण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून दुकान वेळेवर उघडावे. ते सकाळी साडेनऊला कुलूप काढतात, पावसाळ्यात रस्त्यावर चिटपाखरू नसले तरी काढतात. लहानपणी मला याचे हसू येई. आता त्यात ०.९५ चा घात दिसतो.

त्यांच्याच दुकानातून एक कोरी लाल वही घेऊन गेल्या जूनपासून मी नशिबाची रोजकीर्द लिहू लागले. रोज रात्री दोन ओळी. जमेच्या बाजूला त्या दिवशी आपण न मागता काय आले ते, म्हणजे कोणी दिलेली माहिती, कोणाची झालेली ओळख, वाचनालयात सापडलेले पुस्तक. नावेच्या बाजूला काय हुकले ते, आणि त्यापुढे एका शब्दात कारण. पहिल्या महिन्यात जमेला फारसे काही नव्हते. पुढे ते वाढले. नशीब सुधारले म्हणून वाढले, की लिहायचे आहे म्हणून नजर ठेवू लागले त्यामुळे वाढले, हे मला सांगता येणार नाही. नावेच्या बाजूचा ताळेबंद मात्र फार बोलका निघाला. सहा महिन्यांत एकतीस गोष्टी हुकल्या होत्या. त्यांतल्या नऊ खरोखरच माझ्या हाताबाहेरच्या: आजारपण, बस, पाऊस, एकदा परीक्षेचे वेळापत्रक. बाकी बावीसांपुढे 'विचारले नाही' आणि 'पाहिले नाही' हेच दोन शब्दप्रयोग आलटून पालटून लिहिलेले होते. 'विचारले नाही' चौदा वेळा. माझ्या मनात मी फार धीट मुलगी होते!

त्या नऊ गोष्टींसाठी मी आता दुकानदार करतात तेच करते. बुडीत येण्यांसाठी जशी आधीच तरतूद करून ठेवतात, तशी थोडी तरतूद धरून चालते. दहा ठिकाणी विचारले तर तीन-चार बुडणारच, हे आधीच लिहून ठेवले की बुडाल्यावर झोप उडत नाही. बाकी बावीसांचे काम अजून चालू आहे, आणि फार हळू चालू आहे. गेल्या महिन्यात एका बँकेतील अधिकारी आमच्या वर्गात बोलायला आले होते. मला एक प्रश्न विचारायचा होता, तास संपेपर्यंत तो घशातच राहिला. त्या रात्री पंधरावी नोंद झाली.

फलकापुढे मात्र आता रोज सकाळी दोन मिनिटे थांबते. कन्नड कागद आधी वाचते, कारण तेच माझ्याकडून सुटतात. आज एक नवीन कागद आहे: लेखाकर्म विषयाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा, दोघांचा एक गट, प्रवेश विनामूल्य, नावे देण्यास आठ दिवस मुदत. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा ती मुदत केव्हाच संपलेली असेल, म्हणून मधल्या सुट्टीत मी तो कागद मराठीतून वर्गात वाचून दाखवला. माझ्या गटात बैलहोंगलची ती मुलगी आहे. खानापूरहून येणाऱ्या माझ्या मैत्रिणीलाही यायचे आहे, तिच्यासाठी जोडीदार अजून मिळालेला नाही.